विहिरीचा दाखला

सूर्यभान मिस्त्रीला एक खोड होती. समोरच्यानं "काही होत नाही" म्हटलं की त्याचं डोकं सणकायचं. हैदराबादच्या सरकारी मोटारखान्यात बावीस वर्षं काढली होती त्यानं. त्या बावीस वर्षांत जेवढी माणसं भाजलेली, चिरडलेली, बोटं गमावलेली पाहिली, त्यातल्या एकूण एकानं आधी हेच म्हटलं होतं. मग व्हायचं ते होऊन जायचं आणि मागं राहिलेले दवाखान्याच्या पायरीवर बसायचे.

तर ही गोष्ट छप्पन्न साल सरतानाची. रियासतीचे तीन तुकडे पडले होते. तेलुगू मुलूख इकडं, कानडी तिकडं आणि आपला मराठवाडा मुंबईच्या पदरात. नकाशावर रेघ ओढायला काय लागतं, एक फूटपट्टी आणि एक पेन्सिल. निस्तरायचं मात्र खालच्या माणसांनी. मोटारखान्यात खुर्च्या वाटल्या, लॉऱ्या वाटल्या, आणि मग माणसं वाटायला घेतली. मराठी बोलणाऱ्यांची एक यादी भिंतीवर लागली, सगळ्यांचा तबादला औरंगाबादला. चौदावं नाव सूर्यभानचं.

त्याला जायचं नव्हतं. परभणीकडचं त्याचं खेडं त्यानं बाराव्या वर्षी सोडलं होतं. तिथं तो गावकुसाबाहेरच्या येसकराचं पोर होता आणि केस पिकले तरी येसकराचं पोरच राहिला असता. इथं हैदराबादेत मजुरापासून इंजिनिअरपर्यंत सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. नल्लकुंट्याला दोन खोल्या होत्या, बायको भागूबाई सरकारी दवाखान्यात आया होती, पगाराची होती. शेजारी समजूत घालायला आले, "अरे, तिकडं आपली भाषा बोलतात सगळे."

"बोलतात की," सूर्यभान म्हणाला. "जातसुद्धा त्याच भाषेत विचारतात."

इंजिनिअर साहेब नवे होते, कर्नूलहून आलेले. कमी बोलायचे, तेही मोडक्या दखनीत, पण बोलले की फिरवायचे नाहीत. त्यांच्या टेबलावर एक तक्रार येऊन पडली होती. मोटारखाना गौलीगुड्यात. मागच्या अंगणात निजामाच्या काळात पुरलेली पेट्रोलची लोखंडी टाकी होती, दोन हजार गॅलनची, आणि भिंतीपलीकडं हिम्मतरावांचं घर. त्या घरच्या विहिरीच्या पाण्याला दसऱ्यापासून पेट्रोलचा वास येऊ लागला होता. भांड्यात घेतलं की वर रंगीत तवंग. म्हणजे टाकी कुठंतरी गळत होती आणि जमीन ते गपचूप पीत होती.

साहेबांनी सूर्यभानला बोलावलं. "शहरात अशा जुन्या टाक्या अजून पाच आहेत. सगळ्या काढायच्यात. ही पहिली तू काढ. कुणाला खरचटलंसुद्धा नाही पाहिजे. आणि ज्याची तक्रार आहे त्याच्याकडून लिहून आण, विहीर साफ झाली म्हणून. तो दाखला आणलास तर बाकीच्या पाचांसाठी तुला इथंच ठेवतो. नाही आणलास तर यादी भिंतीवर आहेच. एक वर्ष तुला."

झालं. म्हणजे सूर्यभानचं हैदराबादेत राहणं आता एका कागदावर आलं, आणि तो कागद हिम्मतरावांच्या हातात.

हे हिम्मतराव म्हणजे नांदेडकडच्या शेतकरी घरातले, दोन पिढ्या गौलीगुड्यात मुरलेले. उर्दू शाळेत शिकलेले, मजूर पुरवायचं काम करायचे. माणूस वाईट नव्हता. पण काही माणसं देवासमोर वाकतात आणि बाकी सगळ्यांसमोर ताठ उभी राहतात, त्यातले एक. टाकी खणायचं कंत्राटही त्यांनाच मिळालं होतं, कारण मजूर त्यांचे. सूर्यभानला ते बावीस वर्षं भिंतीवरून ओळखत होते. भिंतीच्या अलीकडं त्याला कधी पाणी विचारलं नव्हतं.

जानेवारीत काम सुरू झालं. पहिल्या दिवशी सूर्यभाननं मजुरांना उभं करून नियम सांगितले. विडी नाही. खिळ्यांची चप्पल नाही. टाकीजवळ लोखंडी पहार, लोखंडी घण नाही, पितळी पाना आणि तांब्याचा हातोडा तो स्वतः घेऊन आला होता. हातपंपानं तळाला राहिलेलं पेट्रोल ओढून पिंपांत भरलं, पिंपं बैलगाडीवर ओली गोणपाटं टाकून दूर पाठवली. दोन दिवस नुसतं हेच. हिम्मतराव भिंतीवरून बघायचे आणि म्हणायचे, "एवढं कशाला रे? अर्ध्या दिवसाचं काम आहे."

तिसऱ्या दिवशी टाकीवरची माती काढून झाली. गोल झाकण उघडं पडलं. आता आत काय ते बघायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, तेवढ्यात हिम्मतराव फाटकातून आले. अंगावर धुतलेलं धोतर, हातात तबक. तबकात नारळ, हळदकुंकू, उदबत्त्या आणि कापराच्या चार वड्या. मागून त्यांची बायको तारामती, डोक्यावर पदर घेऊन.

"मल्लय्या, माणसं गोळा कर," हिम्मतराव मजुरांच्या मुकादमाला म्हणाले. "आमच्या घराण्यात भूमीच्या पोटाला हात घालायचा तर आधी तिची ओटी भरतात. झाकणावर कापूर लावतो, मग उघडा."

सूर्यभान झाकणाच्या आणि तबकाच्या मधे येऊन उभा राहिला. "कापूर नाही लावायचा."

"काय?"

"कापूर नाही, उदबत्ती नाही. ह्या अंगणात जाळ नाही."

हिम्मतरावांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. तीनेक महिन्यांपूर्वी सूर्यभान आणि भागूबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. सगळ्या गल्लीला ते ठाऊक होतं. घरातले देव त्यांनी पाण्यात सोडले, हेही ठाऊक होतं.

"अस्सं," हिम्मतराव म्हणाले. "नवा धर्म घेतला म्हणून आता आमचा कापूरही डोळ्यात खुपायला लागला? तुझे देव तू बुडव. माझी माणसं खड्ड्यात उतरणार आहेत, त्यांना तर पूजा लागते."

आणि खरंच, मजूर मागं सरकले. मल्लय्यानं हातातली मातीची टोपली खाली ठेवली. "मिस्त्री, पूजा नै हुई तो हमारे लोगां नै उतरते," तो म्हणाला, आणि त्यात खोड्या काढायचा भाव नव्हता. तो घाबरला होता. जमिनीत काय काय असतं ते त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं.

आता बघा कशी गंमत होते. माणूस पेट्रोलबद्दल बोलतो, लोक धर्माबद्दल ऐकतात. सूर्यभानला राग आला, चांगला सपाटून आला. पण बावीस वर्षांत तो एक गोष्ट शिकला होता. रागावलेल्या मिस्त्रीचं कुणी ऐकत नाही.

"हिम्मतराव, नारळ फोडा. फुलं वाहा. हळद कुंकू हवं तेवढं वाहा. माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "मी जाळाबद्दल बोलतोय."

"पेट्रोल तर तू परवाच काढलंस. पिंपं गेली. टाकी रिकामी आहे. रिकाम्या टाकीवर चार वड्या कापूर लावला तर काही होत नाही."

झालं. नेमकं तेच वाक्य.

सूर्यभानला सिकंदराबादच्या फौजी डेपोतली दुपार आठवली. लढाईचे दिवस होते, मोटारखान्यातून त्याला तिकडं कामाला धाडलं होतं. लक्ष्मणराव म्हणून त्याच्याच तालुक्यातला एक वेल्डर होता, हसतमुख माणूस, भाकरी वाटून खायचा. त्यानं एक रिकामं पिंप कापायला घेतलं. रिकामंच तर आहे, म्हणाला. पिंप फुटलं, आणि त्याचं सोलून निघालेलं अंग सूर्यभाननं स्वतःच्या धोतरात गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं. त्या दिवसापासून रिकामं हा शब्द ऐकला की तो आधी स्वतः हुंगून बघायचा.

"मला पाव तास द्या," तो म्हणाला. "पाव तासानं तुम्हाला वाटलं तर लावा कापूर. मी अडवणार नाही, पण तोवर सगळे माझ्याबरोबर चला."

त्यानं सगळ्यांना अंगणाबाहेर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत नेलं, वारा पाठीशी घेऊन. पुरुषभर लांब पत्र्याची पन्हळ एका टोकाला हातभर विटा लावून तिरकी ठेवली. खालच्या टोकाला मातीची पणती लावली. मग मोटारखान्यातून एक छोटा डबा मागवला, त्यात पेट्रोल होतं. ते त्यानं सगळ्यांसमोर दुसऱ्या डब्यात ओतून दूर पाठवलं. डबा उलटा करून झटकला. मल्लय्याच्या हातात दिला.

"काय आहे यात?"

मल्लय्यानं आत पाहिलं. "खाली है."

हिम्मतरावांनीही पाहिलं. "रिकामा आहे."

"बरं. मागं सरका सगळे."

हातांना ओलं गोणपाट गुंडाळून त्यानं तो रिकामा डबा पन्हळीच्या वरच्या टोकाला तिरका केला, पाणी ओततात तसा. त्यातून काहीच पडलं नाही. कुणाला काही दिसलं नाही. एक मजूर हसलासुद्धा. सूर्यभान आकडे मोजत होता, एक, दोन, तीन, चार. पाच म्हणायच्या आत भप्पकन आवाज झाला आणि खालच्या पणतीपासून निळा जाळ पन्हळीतून सरसरत वर चढला, थेट डब्याच्या तोंडापर्यंत. डबा त्याच्या हातात गुरगुरला. त्यानं गोणपाट तोंडावर दाबलं आणि जाळ विझला.

हसणारा मजूर रस्त्यावर बसला होता. हातच्या काकणाला आरसा कशाला.

"पेट्रोल काढता येतं, त्याची वाफ मागं राहते," सूर्यभान सावकाश म्हणाला. "दिसत नाही. हवेपेक्षा जड असते, म्हणून खाली बसते, उताराउतारानं सरपटत जाते आणि विस्तव शोधते. हा डबा वीतभर होता. ती रिकामी टाकी दोन हजार गॅलनची आहे. भरलेली असती तर मी एवढा घाबरलो नसतो."

मल्लय्यानं खिशातलं विड्यांचं बंडल काढलं आणि हिम्मतरावांच्या तबकात ठेवलं. हिम्मतराव कापराच्या वड्यांकडं बघत राहिले. त्यांचं स्वतःचं घर त्या टाकीपासून तीस पावलांवर होतं. तारामतीनं त्यांच्या हातातून तबक घेतलं, कापूर पदराच्या टोकाला बांधला, वर गाठ मारली.

"मग पूजा कशी करायची?" ती म्हणाली. हा प्रश्न तिनं सूर्यभानकडं बघून विचारला, नवऱ्याकडं नाही.

"पाण्यानं," सूर्यभान म्हणाला. "टाकी पाण्यानं काठोकाठ भरायची आहे. पाणी आत शिरलं की वाफ बाहेर ढकलली जाते, तिला राहायला जागाच उरत नाही. ते मला तसंही करायचंच आहे. तुम्ही त्याला अभिषेक म्हणा. पहिली घागर हिम्मतरावांनी ओतावी."

देव न मानणाऱ्या माणसानं अभिषेक सुचवला, आता याला काय म्हणावं? पण हिम्मतरावांचा चेहरा उजळला. मल्लय्याची माणसं तर लगेच पदर, लुंग्या खोचून तयार झाली. सहाशे घागरी लागणार होत्या. एवढं पाणी आणायचं कुठून? हिम्मतरावांच्या विहिरीतून, दुसरं कुठून. वासाचं पाणी, ते असंही कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

सूर्यभान रहाट बघायला भिंतीच्या फाटकातून पुढं झाला. तारामती आडवी आली नाही, फक्त म्हणाली, "रहाटाला मल्लय्याची माणसं हात लावतील."

घ्या. विहीर पेट्रोल पिऊन बसलेली, पाण्यावर तेलाचा तवंग, कुत्रं तोंड लावेना. पण सूर्यभानच्या हातानं मात्र ती बाटली असती. मल्लय्यानं मान खाली घातली. सूर्यभाननं मात्र मान वर ठेवली.

"मला पाणी टाकीत पाहिजे," तो म्हणाला. "कुणाच्या हातानं येतं ते टाकी विचारत नाही."

आणि तो परत फिरून झाकणापाशी जाऊन उभा राहिला. त्याला ते लागलं नाही असं नाही. चांगलंच लागलं. पण त्या दिवशी त्याच्यावर अकरा माणसांच्या जिवाची जबाबदारी होती, आणि आपला अपमान काही पळून जाणार नव्हता.

हिम्मतरावांनी नारळ फाटकाबाहेर फोडला, पहिली घागर मंत्र म्हणत ओतली. पुढं दीड दिवस घागरी येत राहिल्या. पाणी झाकणापाशी आलं, उतू गेलं, तेव्हा कुठं सूर्यभान खाली बसला. पाणी उपसलं, पुन्हा भरलं, पुन्हा उपसलं. उपसलेलं पाणी तसंच गटारात सोडू दिलं नाही, आधी वरचा तवंग वेगळा काढून पिंपांत भरायला लावला. मजूर वैतागले. तो म्हणाला, गटार शेवटी कुणाच्या तरी विहिरीपाशीच जातं.

आठव्या दिवशी तिवई उभी केली, साखळ्या लावल्या आणि टाकी जमिनीतून वर आली. तळाच्या जोडाला गंजून पडलेलं भोक दिसलं. करंगळी जाईल एवढंच. एवढ्याशा भोकानं एका घराचं पाणी तोडलं होतं. खालची काळी माती पेट्रोलनं ओली झाली होती, तीही गाड्या भरून शहराबाहेरच्या माळावर नेली आणि पातळ पसरून उन्हात टाकली, विहिरीपासून, वस्तीपासून दूर.

टाकी अंगणात आडवी पडलेली बघून हिम्मतराव म्हणाले, "भोक बुजवून ठेव की मला. विहीर गेलीय, पाणी साठवायला होईल."

"विहिरीत जे गेलं ते हिच्याच पोटातून गेलं," सूर्यभान म्हणाला. "हिच्या तळाच्या गाळात शिसं आहे. ह्यातलं पाणी प्यायलात तर वासही येणार नाही आणि कळायच्या आत माणूस जाईल." त्यानं टाकी तिथं ठेवलीच नाही. ती माळावर नेली, वरून पाण्याची धार सोडून हातानं छिन्नी मारत तिचे तुकडे केले. पुन्हा कुणाला तिच्यात घोटभरही पाणी ठेवता येऊ नये म्हणून.

पहिलं अर्धं काम झालं. टाकी निघाली, कुणाला खरचटलं नाही, साहेब खूश झाले. पण दाखला राहिला होता, आणि दाखला पाण्याकडून यायचा होता. पाण्याला साहेबाचं भय नसतं.

दर पंधरा दिवसांनी मल्लय्याची माणसं विहीर उपसायची आणि सूर्यभान काठापासून चार हात लांब उभा राहून बादलीतलं पाणी हुंगायचा. उन्हाळाभर वास होता. पावसाळ्यात तवंग पातळ झाला. भाद्रपदात त्यानं मुसी नदीच्या पलीकडून मासे आणून विहिरीत सोडायला लावले, ते तिसऱ्या दिवशी पोट वर करून तरंगले. भागूबाई घरी काही विचारायची नाही, पण तिनं दिवाळीनंतर एक ट्रंक रिकामी करून धुऊन ठेवली. औरंगाबादची तयारी. ती ट्रंक बघितली की सूर्यभानला जेवण जायचं नाही.

पलीकडं तारामतीची निराळी तऱ्हा. वर्षभर ती गल्लीच्या टोकाच्या नळावर रांगेत उभी राहून पाणी आणत होती. हंडा खाली ठेवताना कमरेवर हात जायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

कार्तिकात सोडलेले मासे मात्र जगले. डिसेंबर उजाडला तरी विहिरीत फिरत होते. साहेबांनी दिलेलं वर्ष संपायला नऊ दिवस उरले असताना हिम्मतरावांनी सूर्यभानला सकाळीच बोलावून घेतलं. कागद तयार होता.

"घे. लिहून ठेवलाय. विहीर साफ झाली, तक्रार नाही. खाली सही केलीय."

सूर्यभाननं हात पुढं केला नाही. "पाणी चाखलं कुणी?"

"मासे जगलेत की."

"मासे दाखला लिहीत नाहीत."

खरं सांगायचं तर घरातल्या कुणाची पहिला घोट घ्यायची छाती नव्हती. वर्षभर ज्या पाण्यानं नाक दाबायला लावलं, ते तोंडात कसं घ्यायचं?

"मी चाखतो," सूर्यभान म्हणाला. "पण पाणी मीच काढणार. वरचं पाणी निराळं असतं, तळाचं निराळं. मी आणलेला दोर कोरा आहे, बादली राखेनं मी घासलीय. दुसऱ्याच्या हाताचं पाणी तपासून मी माझी जबान देत नाही."

हे कामाचं बोलणं होतं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तरी हिम्मतरावांनी बायकोकडं पाहिलं. तारामती उंबऱ्यात उभी होती, कमरेवर रिकामा हंडा, नळावर निघालेली.

"काढा," ती म्हणाली.

सूर्यभान विहिरीच्या काठावर चढला. दोर रहाटावर टाकला. आधी वरचं पाणी काढलं, उन्हात धरून तवंग पाहिला, हुंगलं, ओतून दिलं. मग दगड बांधून बादली तळाला नेली आणि वर ओढली. ओंजळीनं तो प्यायला. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. तपासायला एक घोट पुरला असता. पण त्याला तहान लागली होती, आणि एवढ्या वर्षांत त्या गल्लीत त्यानं प्यायलेलं ते पहिलं पाणी होतं.

"गोड आहे," तो म्हणाला.

हिम्मतरावांनी सुटकेचा श्वास सोडून कागद पुन्हा पुढं केला. "झालं तर मग."

"आता तुम्ही प्या."

"तू प्यालास ना. तुझा शब्द पुरे आम्हाला."

"माझा शब्द माझ्या कामाचा. दाखला तुमचा आहे. ज्या विहिरीचं पाणी घरचाच माणूस पीत नाही, ती साफ झाली असं मी साहेबाला कुठल्या तोंडानं सांगू?"

"अरे, कागद घे आणि जा," हिम्मतराव खालच्या आवाजात म्हणाले. "इथंच राहायचंय ना तुला? बायकामाणसांसमोर कशाला ताणतोस? काढलंस ना पाणी आमच्या विहिरीचं? अजून काय पाहिजे?"

कागद वीतभर अंतरावर होता. नल्लकुंट्याच्या दोन खोल्या, भागूबाईची नोकरी, मिस्त्री ही हाक, सगळं त्या वीतभरात होतं. सूर्यभानला ट्रंक आठवली.

"राहायचंय," तो म्हणाला. "पण न पिता लिहिलेल्या कागदावर नाही. औरंगाबादची गाडी मला सापडते."

त्यानं दोर गुंडाळायला घेतला. बादली अजून काठावर होती, अर्धी भरलेली. हिम्मतराव तिच्याकडं बघत होते आणि हलत नव्हते.

तारामतीनं हंडा उंबऱ्यातच ठेवला. ती अंगण ओलांडून आली, विहिरीच्या पायरीशी वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली.

"ओता," ती म्हणाली.

सूर्यभानला क्षणभर कळेना काय करायचं. आयुष्यभर त्याची ओंजळ खाली आणि ओतणाऱ्याचा हात वर असायचा, अंतर राखून. उलटं कसं करायचं ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग त्यानं बादली उचलली आणि सावकाश धार धरली. ती पोटभर प्यायली. पदरानं तोंड पुसलं.

"पाणी चांगलं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "वर्षभर हंडे मी वाहिलेत, तुम्ही नाही. या इकडं."

हिम्मतराव आले. आधी त्यांनी ओठ ओले केले, मग खरंच प्यायले. सकाळची वेळ, थंड पाणी, आपल्याच विहिरीचं. कुणाला ते नको होईल?

"तो कागद फाडा," तारामती म्हणाली. "नीट लिहा. पाणी कुणी काढलं, कुणी ओतलं, कोण प्यालं, सगळं लिहा. उद्या साहेबानं विचारलं तर?"

हिम्मतराव ओट्यावर बसले, नवा कागद घेतला आणि बराच वेळ टाक हातात धरून राहिले. शेवटी लिहिलं. कचेरी उघडायला अजून अवकाश होता, म्हणून सूर्यभाननं सायकल आधी नल्लकुंट्याकडं वळवली. भागूबाई कामावर निघत होती. त्यानं तिला दारातच थांबवलं आणि कागद वाचून दाखवला.

"आज रोजी सूर्यभान मिस्त्री हे आमच्या विहिरीचं पाणी स्वतः काढून प्यायले. त्यांच्या हातचं पाणी आम्ही उभयतां प्यालो. पाणी चांगलं आहे."

भागूबाई दाराची चौकट धरून उभी राहिली.

"परत वाचा," ती म्हणाली.